साइन-ऑनच्या आधीचा हिशेब: रेल्वे कामगार, दारू-नशा आणि डेपोचं धोरण

हुबळी विभागातला लोको पायलट गाडी घेऊन मिरजेला पोचला की तो महाराष्ट्रात असतो. तिथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ (आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा) लागू आहे आणि प्यायला परवाना लागतो. लोंढ्याहून कॅसल रॉकचा घाट उतरून कुळ्याला गेला तर तो गोव्यात असतो. तिथे बाटली स्वस्त, पण तीच विनापरवाना खानापूरला आणली तर कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ आडवा येतो. सीमाभागातला रेल्वे कामगार नोकरीच्या निमित्ताने तीन राज्यांच्या दारूच्या कायद्यांतून ये-जा करतो आणि रेल्वेचा नियम मात्र तिन्हीकडे एकच असतो. त्या नियमाच्या बाबतीत आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. एक तर सगळे सांभाळून घेतात, नाहीतर एके दिवशी माणूस थेट सस्पेंड होतो. मधला रस्ता कुणी आखतच नाही. हा लेख त्या मधल्या रस्त्याचा आहे. तो डेपोतल्या सुपरवायझरसाठी, युनियनच्या शाखेसाठी, ठेकेदाराच्या साइटवरच्या माणसासाठी आणि घरच्यांसाठीही आहे.

आधी नियम नीट वाचा

चार कागद महत्त्वाचे. पहिला म्हणजे सामान्य नियम, १९७६, ज्याला सगळे ‘जीआर’ म्हणतात. त्यातल्या नियम २.०९ चे दोन भाग आहेत. ड्यूटीवर असताना कुठलाही रेल्वे कर्मचारी नशेत नसावा, किंवा दारू, झोपेचं औषध, गुंगीचा वा उत्तेजक पदार्थ घेतल्यामुळे त्याची काम करण्याची क्षमता कमी झालेली नसावी. हा पहिला भाग सगळ्यांना लागू आहे, मग तो गाडी चालवत असो की ऑफिसात फाइल हलवत असो. दुसरा भाग गाडी चालनाशी थेट संबंध असलेल्यांसाठी आहे. ड्यूटी सुरू होण्याच्या आधीच्या आठ तासांत आणि ड्यूटीवर असताना यातलं काहीही घ्यायचं नाही. लोको पायलट, असिस्टंट, गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गेटमन हे या भागात येतात.

दुसरा कागद रेल्वे सेवा आचरण नियम, १९६६, त्यातला नियम २२. आठ तासांची अट त्यातही आहे, पण तो ड्यूटीच्या बाहेरही येतो. सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये, नशेत लोकांसमोर येऊ नये, आणि ज्या भागात असाल तिथला दारूचा कायदा पाळावा, असं तो सांगतो. ‘ज्या भागात असाल’ हे शब्द सीमाभागात वजनदार आहेत. मिरजेत रनिंग रूमला (बाहेरगावी क्रूच्या, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या, मुक्कामाच्या जागी) उतरलेल्या माणसाने परवान्याविना पिणं हा नुसता स्थानिक गुन्हा उरत नाही, आचरण नियमाचाही भंग होतो.

तिसरा, रेल्वे अधिनियम, १९८९. कलम १७२ प्रमाणे ड्यूटीवर नशेत सापडलेल्या कर्मचाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या अवस्थेतलं काम कुणाच्या जिवाला धोका निर्माण करण्याजोगं असेल तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने प्रत्यक्ष धोका निर्माण केला तर कलम १७५ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ५०० रुपये ऐकून हसणारे भेटतात. त्यांनी चौथा कागद वाचावा: शिस्त व अपील नियम, १९६८. माणसाची नोकरी खरोखर जाते ती याच्याखाली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणून बऱ्याच जणांना वाटतं, तेवढं चालतं. रेल्वेच्या २.०९ मध्ये असा कुठलाही आकडा नाही. कारवाईचे टप्पे रेल्वे बोर्डाच्या आदेशांनी ठरतात आणि ते बदलत राहतात. लॉबीच्या (क्रू जिथे ड्यूटीला हजर होतो ती जागा) फलकावर लावलेला ताजा आदेश वाचायची सवय ठेवा, कॅन्टीनमध्ये ऐकलेला आकडा धरून चालू नका.

आठ तास पुरतात का?

इथे बहुतेक जण फसतात, आणि जे फसतात ते सगळेच बेवडे नसतात. नियमात आठ तास म्हटलंय म्हणून रात्री दहाला ग्लास खाली ठेवायचा आणि सकाळी सहाला साइन-ऑन करायचं (ड्यूटीची हजेरी लावायची), हा हिशेब घड्याळाचा झाला. शरीराचा हिशेब वेगळा आहे.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि १८० च्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या वर. ६५० ची साधी पाच टक्क्यांची बिअर म्हणजे २५ ग्रॅम. आठ टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेग. ‘मी दारू सोडली, आता फक्त बिअर’ म्हणणाऱ्याने हे एकदा कागदावर मांडून बघावं. काजूची फेणी व्हिस्कीच्याच ताकदीची असते. हंगामात गोव्याहून येणारा उराक (काजूचीच पहिल्या धारेची दारू) हलका म्हणतात, पण १५ टक्क्यांच्या आसपासच्या उराकाचा २०० मिलिलिटरचा ग्लास एका मोठ्या पेगाच्या वर जातो. गावठीचं तर काहीच सांगता येत नाही. कर्नाटकात अराक (दुकानातली देशी दारू) बंद झाली २००७ मध्ये, हातभट्टी मात्र बंद झाली नाही, आणि तिच्या बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसते.

यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने संपवतं. आता क्वार्टरचं बघा. ६१ ग्रॅम संपायला सहा ते पावणेनऊ तास. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर एकाच्या अंगातून पहाटे चारला गेलेली असेल, दुसऱ्याच्या अंगात पावणेसातपर्यंत असेल. सहाच्या साइन-ऑनला नियमाचे आठ तास भरलेत आणि तरी लॉबीतलं श्वास तपासायचं यंत्र वाजतं ते यामुळे. दोन स्ट्राँग बिअर म्हणजे आठ ते बारा तास. आंघोळ, लिंबू, काळी कॉफी, ताक, व्यायाम यांनी हा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते, दारू तिथेच राहते. बडीशेप चघळल्याने तोंडाचा वास बदलेल, पण यंत्र फुप्फुसातून येणारी हवा मोजतं.

तेव्हा डेपोच्या धोरणात माझ्या मते आठ नव्हे, बारा तास लिहावेत. नियम आठच सांगतो, पण डेपोने सल्ला म्हणून बारा सांगायला कुणाची हरकत नाही. क्वार्टरच्या वर गेलेल्याला चोवीस.

आता बाहेरगावचं बघा. मुख्यालयात पूर्ण ड्यूटीनंतर १६ तासांची विश्रांती मिळते, बाहेरगावी रनिंग रूममध्ये ती आठ तासांच्या आसपास असते. आठ तासांची विश्रांती आणि आठ तासांची अट एकमेकांवर ठेवून बघा: साइन-ऑफ केल्या केल्या घेतलेला पहिला घोटसुद्धा नियमाबाहेर जातो. रनिंग रूममध्ये ‘थोडीशी’ असा प्रकारच नाही. हे वाक्य रनिंग रूमच्या भिंतीवर मराठी आणि कन्नड दोन्हीत लावायला हवं.

मालगाडीच्या क्रूची अडचण आणखी वेगळी. लिंकवरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाच्या माणसाला पुढची ड्यूटी माहीत असते. मालगाडीवाल्याला विश्रांती संपल्यानंतर कॉल कधीही येतो. वास्तुशांतीला, लग्नाला गेला, दोन घेतल्या आणि फोन वाजला, तर काय करायचं? उत्तर कडू आहे पण सरळ आहे: फोनवरच सांगायचं की मी ड्यूटीसाठी योग्य अवस्थेत नाही. गैरहजेरी लागेल, माइलेज (गाडीवर काम केल्याचा भत्ता) बुडेल, साहेब बोलतील. तरी गैरहजेरी आणि नियम २.०९ ची कारवाई यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लॉबीपर्यंत जाऊन ‘बघू, नाही वाजलं तर’ हा जुगार कधीच खेळू नका.

औषधांचंही या हिशेबात धरा. कोडीनचं खोकल्याचं औषध, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेची अल्प्राझोलाम, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल या सगळ्यांनी डोळे जड होतात, आणि नियमातला ‘झोपेचं औषध’ हा शब्द यांच्यासाठीच आहे. श्वास तपासायचं यंत्र यांतलं काही पकडत नाही, पण सिग्नल चुकायचा तो चुकतोच. आयुर्वेदिक आसव-अरिष्टांत मुळातच अल्कोहोल तयार झालेलं असतं. होमिओपॅथीच्या थेंबांत आणि माउथवॉशमध्येही असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिरुअनंतपुरम विभागात अशा औषधांबरोबर नारळपाणी आणि काही केळ्यांनाही ड्यूटीआधी मनाई करणारा आदेश निघाला होता. टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला. केळ्याचं सोडा, पण दशमूलारिष्ट घेणाऱ्याने रेल्वे डॉक्टरच्या कागदावर त्याची नोंद आधीच करून ठेवावी. यंत्र वाजल्यावर काढलेल्या औषधाच्या बाटलीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

धोरण लिहिताना: दोन दारं वेगळी ठेवा

वरचे कायदे शिक्षेचे आहेत, आणि ते हवेतच. पण फक्त पकडण्याचं धोरण असलं की माणसं लपवायला शिकतात. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधला एक जण पिऊन आला की मेट (गँगचा प्रमुख) त्याला झाडाखाली बसवतो, बाकीचे त्याचं काम ओढतात, हजेरी लागते. याला आपल्याकडे माणुसकी म्हणतात. रूळ तपासत फिरणाऱ्या कीमनने एक सैल फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) पाहिली नाही की या माणुसकीचा हिशेब दुसरेच लोक चुकते करतात.

यावर उपाय म्हणजे दोन दारं. पहिलं दार: माणूस पकडला जाण्याआधी स्वतःहून येतो, किंवा त्याचा सहकारी, बायको, भाऊ त्याच्यासाठी येतात. इथे उपचार, रजा, गुप्तता, आणि शिस्तीची कारवाई नाही. दुसरं दार: माणूस ड्यूटीवर नशेत सापडतो. इथे नियमाप्रमाणे कारवाई, सूट नाही. दोन्ही दारं एकाच धोरणात, पण वेगवेगळ्या पानांवर लिहा. ती मिसळली की दोन्ही निकामी होतात. पकडल्यावर ‘मी उपचार घेणारच होतो’ म्हणायची पळवाट निघते, आणि स्वतःहून आलेल्याला भीती वाटते की हाच कागद उद्या चार्जशीटला जोडतील.

अमेरिकेतल्या रेल्वेने हे महागात शिकलं. ४ जानेवारी १९८७ ला मेरीलँडमध्ये चेज या ठिकाणी कॉनरेल या मालवाहतूक कंपनीची इंजिनं सिग्नल ओलांडून अ‍ॅमट्रॅकच्या प्रवासी गाडीसमोर आली, १६ माणसं गेली. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढल्याचं निष्पन्न झालं. त्यानंतर १९९१ मध्ये वाहतूक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा कायदा आला. तिथे ड्यूटीआधीची बंदी चार तासांची आहे, आपल्यापेक्षा निम्मी, पण अचानक होणारी लघवीची आणि श्वासाची तपासणी आहे. आणि मुख्य म्हणजे, स्वतःहून मदत मागणाऱ्याला व सहकाऱ्याने पाठवलेल्याला नोकरी राखून उपचार देण्याची तरतूद रेल्वे कंपन्यांच्या नियमातच आहे. ‘ऑपरेशन रेडब्लॉक’ नावाचा उपक्रम तर कामगार संघटनांनीच १९८० च्या दशकात उभा केला. सहकारीच सहकाऱ्याला ‘आज तू जाऊ नकोस’ म्हणतो. आपल्या युनियनना नक्कल करायचीच असेल तर याची करावी.

डेपोच्या पातळीवर एका पानाचा मसुदा पुरतो. तो असा असू शकतो:

“या डेपोत ड्यूटीच्या वेळी दारू किंवा कुठलीही नशा चालणार नाही. ड्यूटीआधी किमान आठ तास, शक्यतो बारा तास घेऊ नये. ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याने वेल्फेअर इन्स्पेक्टरला, रेल्वे डॉक्टरला किंवा युनियनच्या नेमलेल्या माणसाला भेटावं. भेटीची नोंद सर्व्हिस फाइलमध्ये जाणार नाही. उपचाराच्या काळात गाडी चालनाशी संबंध नसलेलं काम किंवा रजा मिळेल. ड्यूटीवर नशेत सापडलेल्यावर नियम २.०९ आणि शिस्त व अपील नियमांप्रमाणे कारवाई होईल. ही सवलत तेव्हा लागू नाही. सहकाऱ्याला झाकणारा त्याला मदत करत नाही.”

यावर सही करायचा अधिकार डेपो इन्चार्जला पुरत नाही, विशेषतः फाइल आणि कामबदलाच्या ओळींसाठी. म्हणून मसुदा युनियनमार्फत विभागीय पर्सनल शाखेकडे पाठवून मंजुरी घ्या. मंजुरी मिळेपर्यंत गुप्ततेचं तोंडी आश्वासन कुणाला देऊ नका. पाळता न येणारं आश्वासन एकदा मोडलं की पुढची पाच वर्षं त्या दारात कुणी येत नाही.

गुप्ततेला कायद्याचाही आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था येतात, आणि कलम २३ रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखायला सांगतं. गांजा वगैरेच्या बाबतीत एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५ चं कलम ६४-अ लक्षात ठेवा. थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्य संस्थेत उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार अर्धवट टाकले तर ते संरक्षण काढून घेता येतं.

मसुद्यात तंबाखू येत नाही हे मला माहीत आहे. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूला नशा म्हटलं तर लोक आपल्यालाच वेड्यात काढतील. तो विषय वेगळ्या दिवसाचा.

बोलायचं कसं

सुपरवायझरला सगळ्यात अवघड जातं ते बोलणं. समोरचा माणूस बापाच्या वयाचा असतो, गावचा असतो, कधी भावकीतला असतो. चार लोकांसमोर ‘पिऊन आलास का?’ विचारलं की तो ‘नाही’च म्हणणार, आणि मग दोघांनाही मागे फिरता येत नाही. दिसतं ते बोला, निदान करू नका. “अण्णा, आज हात थरथरताहेत, मागच्या पंधरवड्यात दोनदा उशीर झालाय. आज मी तुम्हाला लाइनवर सोडणार नाही. इथेच बसा, चहा घ्या, मग डॉक्टरकडे जाऊ.” एवढं पुरे. शपथा घ्यायला लावू नका, आईची तर मुळीच नाही.

दारूचा प्रश्न किती खोल आहे हे चाचपायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. गुण ० ते ४० पर्यंत. ८ किंवा जास्त आले तर धोका, २० किंवा जास्त आले तर बहुधा अवलंबित्व. ती रेल्वे डॉक्टरने किंवा समुपदेशकाने घ्यावी, साहेबाने टेबलाखाली फॉर्म सरकवून नव्हे. मराठी माणसाला प्रश्न मराठीत विचारले जातील एवढी सोय करा. हिंदीत विचारलं की आमचे लोक ‘हो’ ला ‘हो’ मिळवून मोकळे होतात.

यंत्र वाजलं तर

क्रू लॉबीत साइन-ऑन आणि साइन-ऑफला श्वासाची तपासणी होते, बहुतेक ठिकाणी ती क्रू मॅनेजमेंट सिस्टिमला जोडलेली असते. यंत्र वाजलं की पुढचा अर्धा तास दोन्ही बाजूंसाठी महत्त्वाचा.

इन्चार्जने सगळ्यात आधी त्या माणसाला ड्यूटीवरून बाजूला करावं आणि बदली क्रू बोलवावा. कागद नंतर. मग पाण्याने चूळ भरायला लावून १५ ते २० मिनिटं थांबून दुसरी फुंकर घ्यावी, म्हणजे तोंडात राहिलेल्या माउथवॉशचा किंवा औषधाचा प्रश्न मिटतो. दोन्ही वेळा, यंत्राचा क्रमांक, त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, दोन साक्षीदार या सगळ्यांची नोंद. मग मेमो देऊन रेल्वे डॉक्टरकडे पाठवावं आणि रक्ताचा नमुना घ्यावा. माणूस नकार देत असेल तर नकार त्याच्याच शब्दांत लिहावा.

रक्ताचा आग्रह उगाच नाही. १९७१ च्या बच्चूभाई हसनअली कारयानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला वास, लडखडती चाल, विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून, रक्त-लघवीच्या तपासणीविना, माणूस नशेत होता असा निष्कर्ष काढता येत नाही. तो खटला मोटार अपघाताचा होता, खातेनिहाय चौकशीत पुराव्याचा निकष सैल असतो. तरी ‘वास येत होता’ एवढ्याच साक्षीवर उभं केलेलं प्रकरण पुढे डळमळतं. आणि निर्दोष माणसाला वाचवणारा कागदही तोच.

कर्मचाऱ्याने काय करावं? भांडू नये, पळू नये, आणि यंत्र टाळायला सहकाऱ्याला फुंकायला लावू नये. यातला शेवटचा प्रकार फसवणुकीत जातो आणि दोघांची नोकरी घेतो. दुसरी तपासणी आणि रक्ततपासणी मागून घ्यावी. काही औषध चालू असेल तर तिथेच लेखी सांगावं. न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नये. कागद इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगावं आणि सहीखाली ‘वाचून दाखवलं’ असं मराठीत लिहावं.

पुढे कारवाई आली तर एसएफ-११ म्हणजे किरकोळ शिक्षेची, एसएफ-५ म्हणजे मोठ्या शिक्षेची चार्जशीट. उत्तराला दहा दिवस असतात, वाढवून मागता येतात. एसएफ-५ च्या चौकशीत मदतीला दुसरा रेल्वे कर्मचारी किंवा युनियनचा माणूस बचाव साहाय्यक म्हणून घेता येतो, तो अनुभवीच घ्या. शिक्षेविरुद्ध अपील ४५ दिवसांत. सस्पेंशनच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला तो अर्धवेतनी रजेच्या पगाराएवढा. भाषेच्या बाबतीत घटनेचं कलम ३५० आपल्या बाजूने आहे. गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीत द्या, पण सोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा. हक्क दाखवायला म्हणून भाषांतर न जोडणं हे स्वतःच्या प्रकरणाचं नुकसान आहे.

उपचार: पहिले चार दिवस

रोज पिणारा माणूस एकदम सोडतो तेव्हा सहा ते चोवीस तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास आणि तापाचा गंभीर प्रकार होतो, ज्यात जीवही जातो. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवला की सुटेल’ हा घरगुती उपाय धोक्याचा आहे. माळ घालायची असेल तर जरूर घाला. पंढरीची माळ घालून सुटलेली माणसं गावोगाव आहेत. पण हे पहिले चार दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढा. आणि जेवणातून गुपचूप गोळी देऊ नका. डायसल्फिरॅम घेतलेला माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो, छाती भरते. ती गोळी रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यायची असते. बायकांना गुपचूप द्यायची अशी ‘पावडर’ विकणारे लोक बाजारात फिरतात, त्यांच्यापासून सावध राहा.

जायचं कुठे? रेल्वे कर्मचाऱ्याने आधी रेल्वे डॉक्टरला दाखवून सिक मेमो (आजारपणाची नोंद) घ्यावा, म्हणजे रजा नियमात बसते. हुबळीला रेल्वेचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथून रेफर करून घेता येतं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून सगळ्यात सोयीची. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं रुग्णालय आहे. मराठीतून गटचर्चा आणि समुपदेशन हवं असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. आपल्या भाषेत भांडता आलं, रडता आलं की व्यसनी माणूस लवकर मोकळा होतो, म्हणून प्रवास लांब असला तरी त्याचा विचार करा. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची.

घरच्या बाईने थेट साहेबाकडे तक्रार करण्याआधी वेल्फेअर इन्स्पेक्टरला भेटावं. तक्रारीचा कागद एकदा आवक-जावकला गेला की तो शिस्तीच्या फाइलमध्ये जाऊ शकतो, मग पहिलं दार बंद. जिवाला धोका असेल, मारहाण असेल, तर मात्र हे काही बघत बसू नये, पोलिसांकडे जावं.

परत कामावर

फिट सर्टिफिकेट मिळालं म्हणून दुसऱ्या दिवशी माणसाला एकट्याला रात्रपाळीच्या गेटवर किंवा पावसाळी गस्तीला पाठवू नका. लोंढा, तिनईघाट, कॅसल रॉकच्या पट्ट्यात पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन एकट्याने चालणं धडधाकट माणसालाही जड जातं. ‘थंडी वाजते म्हणून घोटभर’ ची सुरुवात बहुतेकांची तिथेच झालेली असते. त्यात पुढचा घाट १ : ३७ चढाचा, ब्रेकवर सगळा भरवसा. पहिले तीन महिने दिवसपाळी, सोबत जोडीदार, आठवड्याला डॉक्टर किंवा गटाची भेट असं लेखी ठरवा. पुन्हा घसरला तर? घसरतात, बरेच जण एकदा तरी. ड्यूटीआधी स्वतः येऊन सांगितलं तर पहिलं दार पुन्हा उघडावं, ड्यूटीवर सापडला तर दुसरं. इथे दयेने दारं बदलू नका.

रनिंग स्टाफची, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांची, खरी भीती माइलेजची असते. गाडीवरून उतरवलं की पगाराचा मोठा भाग जातो, म्हणून ते लपवतात. उपचाराच्या काळात किती पैसे कमी होतील हे पर्सनल शाखेकडून आधीच लिहून घेऊन त्याच्यासमोर ठेवा. अंधारात ठेवलेला माणूस सगळ्यात वाईट आकडा गृहीत धरतो. स्टाफ बेनिफिट फंडातून काही मदत बसते का हे वेल्फेअर इन्स्पेक्टरला विचारा. यकृत, नजर किंवा नसा कायमच्या बिघडल्या आणि तो आपल्या मेडिकल कॅटेगरीत बसेना, तर पर्यायी पदाची तरतूद आहे. ए-वन या वैद्यकीय वर्गातल्यांची (लोको पायलटसारख्यांची) तपासणी ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी होते. चार वर्षांत यकृत गळून पडेपर्यंत थांबायचं की आधी दाखवायचं, हे त्यानेच ठरवायचं.

ठेकेदाराची माणसं

पुणे–मिरज–लोंढा दुहेरीकरणाच्या कामामुळे या पट्ट्यात ठेकेदारांचे मजूर रुळांवर आले. रेल्वे अधिनियमाचं कलम १७२ आणि नियम २.०९ रेल्वे कर्मचाऱ्याला लागू होतात. मजुराला लागू होतं ते त्याच अधिनियमाचं कलम १४५, म्हणजे रेल्वेच्या हद्दीत नशेत असलेल्या कुणालाही बाहेर काढणं आणि शिक्षा. तेवढं पुरत नाही, कारण त्याच्या हातात गॅस कटर असतो आणि बाजूच्या रुळावरून गाडी जात असते. म्हणून ठेक्याच्या अटींतच लिहून घ्या: रोज काम सुरू होण्याआधी हजेरीला श्वासाची तपासणी, वाजलं तर त्या दिवशी काम नाही, ठेकेदाराने बदली माणूस द्यायचा, आणि मजुरी दारूच्या दुकानाच्या दारात वाटायची नाही. मुकादमाकडूनच उधारीवर दारू मिळत असेल तर आधी मुकादम बदला. मजूर उत्तर कर्नाटकातले, मराठवाड्यातले, झारखंडचे असे मिसळलेले असतात, तेव्हा सूचना कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्हीत, आणि लिहिण्यापेक्षा सकाळच्या रांगेत तोंडी. साइट इंजिनियरने तपासणीचं रजिस्टर आठवड्यातून एकदा सेक्शन इंजिनियरकडून सही करून घ्यावं. ज्या आठवड्यात सगळ्या ओळी एकाच पेनने, एकाच हाताने भरलेल्या दिसतील, त्या आठवड्यात स्वतः सकाळी सातला साइटवर जाऊन उभं राहावं.